सत्तावीस चादरी

१ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी सांगितलंय की रोज एकच शब्द लिहायचा. कोरडी किंवा ओली. महिनाभराची नोंद घेऊन या, मग बघू म्हणाले. पण मला एका शब्दावर थांबता येत नाही. आईच्या गावातसुद्धा मी पत्ता सांगायला लागले की रिक्षावाले निघून जायचे.

आज ओली.

गोटीला दहा वर्षं पूर्ण झाली. डॉक्टर म्हणतात, या वयात अजून पुष्कळ मुलांचं होतं, रागावू नका. मी कधी रागावलेय? चार वर्षं झाली, बाराला आणि तीनला गजर लावून उठते, तिला उठवते, नेऊन आणते. तरी सकाळी चादर ओली ती ओलीच. घरातले आम्ही तिघं आणि आता हे डॉक्टर सोडले तर हे कुणालाही माहीत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

निघताना डॉक्टरांनी गोटीला विचारलं, "तुला काही सांगायचंय?" तर म्हणते कशी, "आईला झोपेचं औषध द्या." डॉक्टर हसले. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. कुठे काय बोलावं याचं भान नाही पोरीला.

तिच्या दप्तरात शाळेचं पत्र सापडलं. पाचवीच्या मुलांचं निवासी शिबिर, डोंगरापलीकडे, रानात. पाच दिवस, चार रात्री, एका खोलीत सात जणी. सात जणी! पत्र मी चहाच्या डब्याखाली सरकवलं. तिथेच राहू दे.

४ फेब्रुवारी, रविवार

ओली.

पत्र डब्याखाली आणि नाव यादीत! गोटीनं शाळेतून दुसरं पत्र आणलं आणि बापाची सही घेतली. मला दोघांनी मिळून आज सांगितलं, तेही जेवण झाल्यावर.

मी म्हटलं, "सही करताना तुमचा हात थरथरला नाही?"

"ती म्हणाली जायचंय. मी म्हटलं जा," गोटीचे बाबा म्हणाले.

"आणि रात्री?"

"रात्री झोपेल. आणखी काय करणार?"

"सहा पोरींच्या देखत गादी भिजली म्हणजे? वर्षभर तिला काय काय नावं ठेवतील कल्पना आहे? शाळा सोडावी लागेल तिला."

"अगं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तू दिवसभर ते फोन घेतेस ना, म्हणून तुला जग म्हणजे एक मोठा अपघात वाटतो."

खरंय, मी रुग्णवाहिकेच्या फोनवर बसते. नऊ वर्षं झाली. कानाला यंत्र लावलं की पलीकडे कुणीतरी पडलेलं, भाजलेलं, बुडालेलं असतं. खुशाली कळवायला तिथे कुणी फोन करत नाही. पण भीती कामामुळे वाटते म्हणायला, गोटी झाली तेव्हा मी त्या कामावर नव्हते. तेव्हाही वाटायची.

गोटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मी पाहिलं तशी गेली.

७ फेब्रुवारी, बुधवार

कोरडी. (सलग दोन!)

शाळेत पालकांची सभा होती. वर्गाच्या बाई सांगत होत्या की गेल्या वर्षी एक मुलगा वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता, शिबिरात तिसऱ्या दिवशी होडीत बसून सगळ्यांना हुकूम सोडायला लागला. पुस्तकातला ओढा आणि पायाखालचा ओढा यांत फरक असतो, म्हणाल्या. घरापासून लांब गेल्यावर पोरांना आपलं आपण कळतं. असेल. मला त्या होडीची बाजू किती उंच आहे ते हवं होतं. विचारलं. मागून कुणीतरी हसलं.

शिबिराच्या मुख्य बाईही आल्या होत्या. उन्हातली टोपी त्यांनी सभेतही काढली नाही, म्हणून मी त्यांना टोपीवाल्या बाई म्हणते. मी विचारलं, "मूल पडलं तर?"

"पडतातच," त्या म्हणाल्या. "आम्ही जवळ असतो."

जवळ म्हणजे किती पावलं, ते सांगितलं नाही.

मग आरोग्याचा कागद भरायचा होता. दमा, ॲलर्जी, चालू औषधं, आणि शेवटी 'रात्रीची काही अडचण'. पेन तिथे बराच वेळ टेकवून ठेवलं. तो कागद कुणाकुणाच्या हातात जाणार? कारकुनाच्या, शिपायाच्या, आणि शिपायाची पुतणी गोटीच्याच वर्गात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी लिहिलं, 'काही नाही'.

टोपीवाल्या बाई म्हणाल्या, "कागदावर लिहायचं नसेल असं काही असलं, तर मी बाजूच्या खोलीत बसतेय. एकेकानं या." सभा संपल्यावर त्या खोलीबाहेर मी जराशी घुटमळले. आणखी तीन-चार आईबाप उगाच तिथेच उभे होते. एकजण भिंतीवरचा नकाशा वाचत होता, एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होती, संपेचना तिचं शोधणं. सगळ्यांना कुठलं काय विचारायचं होतं कोण जाणे. एवढ्यांच्या समोर आत जायचं म्हणजे झालंच. मी परत आले.

११ फेब्रुवारी, रविवार

ओली. ओली. ओली. (तीन दिवसांचं एकदम लिहितेय.)

आठ दिवस राहिले म्हणून मी कडक केलंय. पाचनंतर पाणी बंद. बारा आणि तीनच्या जोडीला पहाटे पाचचा गजर. गोटी झोपेतच चालते, डोळे उघडत नाही, हात धरून न्यावं लागतं. आणि इतकं करून आधीपेक्षा वाईट! मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं डोक्यात एकच चित्र फिरतंय: सकाळ, सात गाद्या, सहा पोरी एका गादीभोवती उभ्या.

आज गोटी म्हणाली, "आई, नको ना उठवूस. मला झोपच लागत नाही, तू कधी येशील त्याची वाट बघत."

मी म्हटलं, "मी तुझ्यासाठीच करतेय ना?"

"हो, माहितीये," म्हणाली.

काल कामावर एका बाईंना पत्ता विचारताना मला झोपेची डुलकी आली. एक क्षणभरच. कुणाला कळलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

ओली. नेमकी आज!

बॅग भरली. रबरी चादर मापानं कापून जुन्या पलंगपोसाच्या आत शिवली, म्हणजे आवाज होणार नाही. तीन जादा चादरी, सगळ्या एकाच रंगाच्या. रात्रीच्या चड्ड्या मोज्यांमध्ये गुंडाळल्या. डॉक्टरांकडून शिबिरापुरत्या मागून आणलेल्या गोळ्या पेन्सिलीच्या डबीत ठेवल्या. गोटीला दोनदा करून दाखवलं: सगळ्यांच्या आधी उठायचं, ओली चादर अशी आत दुमडायची, पिशवीत, पिशवी बॅगेच्या तळाशी. कुणी विचारलं तर पाणी सांडलं म्हणायचं.

"चारही दिवस पाणी सांडलं म्हणू?" तिनं विचारलं.

"चारही दिवस सांडेल असं का गृहीत धरतेस?"

"तूच बॅग भरलीस ना," ती म्हणाली.

बॅग उचलून पाहिली तर नाकापेक्षा मोती जड. मी म्हटलं, अजून वेळ गेलेली नाही, बाईंना फोन करून ताप आलाय म्हणून सांगते. गोटीचा चेहरा इतका उतरला की मीच विषय बदलला. झोपायला जाताना मला म्हणते, "आई, मी गेल्यावर तू झोप हं." जसं काही मी इथे चैन करणार आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

बस आठ वाजता गेली. गोटी खिडकीत बसली होती. हात हलवला तो सगळ्यांना मिळून, मला वेगळा नाही.

कामावरून आले आणि जरा आडवी झाले ती थेट पाच तास. गोटीचे बाबा म्हणाले, हलवलं तरी जाग आली नाही तुला. लाज वाटली. पोरगी तिकडे आणि मी घोरतेय!

शिबिरवाले फोन लावू देत नाहीत, मुलांकडेही फोन नाही. दिवसातून एक फोटो पालकांच्या ग्रुपवर येतो. आजच्या फोटोत मुलं तळ्याकाठी उभी आहेत. एका कोपऱ्यात गोटीसारखी एक मुलगी तोंड उघडून ओरडतेय. गोटी नसावी. गोटी ओरडत नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

क्रमानं लिहिते.

दुपारी एकाचा फोन आला, मुलगा झाडावरून पडला. माझे प्रश्न ठरलेले असतात: जागा, वय, शुद्ध आहे का, श्वास चालतोय का. नऊ वर्षांत क्रम चुकला नाही. आज मी विचारलं, "कुठल्या शिबिराचा?" तो माणूस म्हणाला, "शिबिर? अहो बाई, आमच्या अंगणात पडलाय!" आणि मला पुढचा प्रश्नच आठवेना. शेजारचीनं माझ्या कानावरचं यंत्र काढून घेतलं. मुलाचा पाय मुरगळला होता, एवढंच. पण ते मला कळायच्या आधीची दोन मिनिटं मी कुणाच्याच उपयोगाची नव्हते. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, "उद्या घरी बसा. झोपा." सगळ्यांना माझ्या झोपेचं काय पडलंय कळत नाही.

संध्याकाळी फोटो आला. दोन झाडांमध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर चादरीच चादरी, सगळ्या पांढऱ्या. खाली मुलं बादल्या घेऊन. वर्गाच्या बाईंनी लिहिलंय, 'रोज सकाळचं काम'. ग्रुपवर एकानं लिहिलं, 'आमचे चिरंजीव घरी रुमाल उचलत नाहीत!' मग सगळ्यांचं हसणं. मला हसू येईना. एवढ्या लांब नेऊन पोरांकडून धुणं धुवून घेतात? आणि एकच रात्र झाली, चादरी मळल्या तरी असतील का? पाण्याची नुसती नासाडी. शिवाय चादरी अशा उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर! मी फोटो मोठा करून एकेक चादर बघत बसले, कुठे डाग दिसतो का. दिसला नाही. फोटो लांबून काढलाय.

म्हटलं, तिचं कपाट तरी आवरावं. खालच्या खणात हिवाळ्याचे कपडे सारले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. रबरी चादर. तीन जादा चादरी. मोज्यांतल्या चड्ड्या. पेन्सिलीची डबी. मी भरलेलं सगळं नीट घडी घालून मागे ठेवलेलं. पोरगी रिकाम्या हातानं गेलीय.

गोटीचे बाबा म्हणाले, "काढून ठेवलंय म्हणजे तिचा काहीतरी विचार असेल."

दहा वर्षांच्या मुलीचा कसला विचार! उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मी जाणार. हे ऐकून ते म्हणाले, "जाऊ नकोस. माझं ऐक एकदा." मी कापडी पिशवी काढली.

२१ फेब्रुवारी, बुधवार

जाऊन आले. परतीच्या गाडीतच लिहितेय, अक्षर लागणार नाही.

अडीच तास गाडी, पुढे अर्धा तास चालत. रस्ता रानातून. पाचोळ्यात काही वाजलं की मी थांबायची. एकदा तर मी कापडी पिशवी छातीशी धरून उभीच राहिले आणि झुडपातून एक कोंबडी बाहेर आली. पिशवीत रबरी चादर आणि बाकीचं सगळं. काय बोलायचं ते ठरवलं होतं: गोटीला बाजूला बोलवायचं, पिशवी द्यायची, रडली तर सरळ घरी न्यायचं. खरं सांगायचं तर न्यायचंच, असं माझ्या मनात होतं.

फाटक उघडं होतं. आत डाव्या हाताला पाण्याची मोठी टाकी, समोर दोऱ्या आणि त्यांवर चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या. हनुवटीला चिकटपट्टी लावलेली एक मुलगी बादली घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, कोण हवंय?"

मी म्हटलं, "तुम्ही रोज धुता या चादरी?"

"हो. सगळ्यांनी धुवायच्या. मुलांनी पण."

"मळल्या नसल्या तरी?"

"उठल्या उठल्या आपली आपली बादलीत बुडवायची. असा नियमच आहे." तिची नजर माझ्या पिशवीवर गेली. रबराचं एक टोक बाहेर आलं होतं. "हे असलं आमच्या गादीवर पण आहे. सगळ्यांच्याच गादीवर आहे. चर्र चर्र वाजतं. पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम लोळून वाजवलं!"

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "आणि रात्री कुणाची ओली झाली तर?"

मुलीनं खांदे उडवले. "कळतच नाही ना काकू. सकाळी सगळ्यांच्याच ओल्या असतात."

मी फाटकाचा खांब धरला. त्या दोऱ्यांकडे पाहिलं. एवढ्या रानात, एवढ्या पोरांमध्ये माझ्या लेकीचं गुपित कुणाच्याही हाती लागलं नव्हतं. ते हातात घेऊन आत आलेली मी एकटीच होते.

"तुम्ही कुणाची आई?" मुलीनं विचारलं.

आता नाव घेतलं असतं तर? दुपारच्या जेवणाला सगळ्या शिबिरात झालं असतं, अमकीची आई रबराची चादर घेऊन आली होती म्हणून. मी पिशवी पाठीमागे नेली. गोटीच्या जन्मापासून हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला असेल, आणि दर वेळी उत्तर देताना मला अभिमान वाटायचा.

"कुणाची नाही," मी म्हटलं. "रस्ता चुकले."

"मोठा रस्ता पश्चिमेला आहे," ती म्हणाली आणि हातानं दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं. तिच्या वयात मला डावं-उजवं कळत नव्हतं.

लांब ओसरीवर टोपीवाल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात वर केला, पण आल्या नाहीत. ओळखलं नसावं. मी मागे वळताना गोटी कुठे दिसते का पाहिलं. दिसली नाही. म्हणून निदान चादरी तरी मोजल्या.

सत्तावीस.

मुलं अठ्ठावीस आहेत.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

तीनदा मोजल्या होत्या. सत्तावीसच.

कामावर गेले. फोन घेतले, प्रश्न क्रमानं विचारले. मधल्या वेळात फक्त तोच आकडा. ती आजारी असेल, वेगळ्या खोलीत असेल. की तळ्यावर गेली असेल एकटी? एक चादर कमी म्हणजे एक मूल कमी. फाटकापर्यंत जाऊन पोरीला न बघता परत फिरणारी आई कुणी पाहिलीय? नियम मोडून वर्गाच्या बाईंना फोन करायला दहादा नंबर काढला. लावला असता तर काय विचारलं असतं? 'कालची एक चादर कुठंय?' म्हणजे मी आले होते हे कळलंच.

गोटीचे बाबा म्हणाले, "काही झालं असतं तर पहिला फोन आपल्याला आला असता. तुझं कामच आहे ते, तुला माहीत नाही?"

माहीत आहे. फोन येण्याआधी किती वेळ जातो, तेही माहीत आहे.

आजचा फोटो होडीचा आला. सगळ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आली.

बसमधून सहावी उतरली. गुडघा खरचटलेला, नाक उन्हानं सोललेलं, आवाज बसलेला. ओरडून बसलाय म्हणे. माझ्या जिवात जीव आला आणि मी सगळ्यांसमोर रडले. "आई, पुरे," ती म्हणाली, पण हात सोडवून घेतला नाही.

घरी येऊन आंघोळ झाली. मी तिचे केस पुसत होते. काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "तू आली होतीस ना बुधवारी?"

माझा हात थांबला. "तू पाहिलंस?"

"फाटकातून आत येताना पाहिलं. मी चादर वाळत घालत होते. पटकन ओढून अंगावर घेतली आणि टाकीमागे जाऊन बसले. ओली होती. जाम थंडी वाजली."

"का गं? मी काय खाल्लं असतं तुला?"

"मला वाटलं, तू मला न्यायला आलीस." ती माझ्याकडे पाठ करूनच बोलत होती. "मी डोळे मिटून मनात म्हणत होते, आई जाऊ दे, आई जाऊ दे."

टॉवेल तसाच हातात होता. बारा पावलांवर माझी लेक माझ्यापासून लपून कुडकुडत होती, आणि मी चादरी मोजत होते. आयुष्यात मला भलभलत्या गोष्टींची भीती वाटली. पडण्याची, बुडण्याची, हसणाऱ्या पोरींची. तिला माझी भीती वाटत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"मग तू खरंच गेलीस," गोटी म्हणाली. "मला आधी खूप बरं वाटलं, मग रडूच आलं. ती हनुवटीवाली आहे ना, ती शोधत टाकीमागे आली. म्हणाली, एक काकू रस्ता चुकल्या होत्या. मी म्हटलं, ती माझी आई होती."

"सांगितलंस?"

"हो. पिशवीत काय होतं तेही सांगितलं. कशासाठी तेही."

"मग? ती काय म्हणाली?"

"म्हणाली, माझी चादर पण महिन्यातून एकदा ओली होते. आणि चादरीचं दुसरं टोक धर, पिळू दोघी."

बाहेर गोटीचे बाबा भांडी लावत होते, तो आवाज थांबला होता. ऐकत असणार. मी केस पुसून संपवले. चार रात्रींचं काय झालं, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. सोमवारी वर्गात काय होईल या विचारानं मला आत्ताच धडधडतंय. तिला काही वाटत असलं तरी दिसलं नाही.

जेवून ती आपल्या खोलीकडे निघाली. दारात थांबली.

"आई, आजपासून मला उठवायचं नाही. ओली झाली तर मी धुईन."

मला भीती वाटत होती. मी हो म्हटलं.